क्रमांकाकडून नावाकडे

खुलताबादेत कोण कुठे पुरलं आहे, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. ही औरंगजेबाची वरून उघडी, साधी कबर. पलीकडे मलिक अंबरचा घुमट. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे समोरासमोर. बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच १७४८ साली वारलेला पहिला निजाम, मीर कमरुद्दीन, विसावला आहे. इथे शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांचा पत्ता अजून पक्का आहे.

त्याच निजाम घराण्याचा सातवा वारस मीर उस्मान अली खान याने पहिल्या महायुद्धात इंग्रजांना विमानांची एक आख्खी तुकडी भेट दिली. खुलताबाद तेव्हा त्याच्याच राज्यात होतं आणि मराठवाड्याचा शेतसारा हैदराबादच्या तिजोरीत जमा होत होता. इकडे ज्वारी-कापसाची शेतं आणि तिकडे फ्रान्सच्या धावपट्टीवर विमानांच्या अंगावर रंगवलेलं हैदराबादच्या निजामाचं नाव! ही ११० वी स्क्वाड्रन. तिच्या नावातच पुढे ‘हैदराबाद’ हा शब्द आला. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्समध्ये पोचली आणि डीएच ९ए जातीची दोन आसनी बॉम्बफेकी विमानं घेऊन जर्मनीच्या आत हल्ले करू लागली. ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं. त्या जेमतेम दोन-अडीच महिन्यांत तुकडीची डझनाहून जास्त विमानं शत्रूच्या हद्दीतून परतलीच नाहीत.

त्यांतलं एक विमान आजही आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते जर्मनांच्या हाती लागलं आणि आतले दोघं, वैमानिक आणि निरीक्षक, युद्धकैदी झाले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि पुढे चारशे अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी इंजिन. असलं नाजूक यंत्र जर्मनांनी बर्लिनच्या विमान-संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तो संग्रह पोलंडच्या बाजूला हलवला गेला, म्हणून ते वाचलं. १९७७ मध्ये ते इंग्लंडला परत आलं आणि आता लंडनमध्ये हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात उभं आहे. दोन महायुद्धं, तीन देश, साठ वर्षं, आणि तरी ते ‘हेच ते विमान’ असं खात्रीने सांगता आलं, कारण त्याच्यावर क्रमांक होता.

पडलेल्या विमानाच्या शोधाचं सगळं मर्म इथे आहे. यंत्राला क्रमांक असतो, इंजिनाला वेगळा, प्रत्येक मशीनगनला आणखी वेगळा. कारखान्यात ठोकलेले हे आकडे आगीतून आणि चिखलातून टिकतात. माणसाचं नाव मात्र कागदावर आणि कुणाच्या तरी तोंडी असतं. ही दोन्ही ठिकाणं कच्ची. म्हणून शोध घेणारे क्रमांकापासून निघतात आणि एकेक कागद ओलांडत नावापर्यंत येतात. कधी पंधरा दिवसांत येतात, कधी सत्तर वर्षांनी.

१९१८ साली विमान ठरल्या वेळेला परतलं नाही की पहिला शब्द लिहिला जाई तो ‘बेपत्ता’. मेला की जखमी झाला की पकडला गेला, त्या रात्री कुणालाच सांगता येत नसे. सोबतच्या वैमानिकांना शेवटचं विमान कुठल्या गावावर, किती उंचीवर, कुठल्या दिशेला दिसलं ते विचारून टिपून ठेवत. घरी तार जाई. मग वाट पाहणं सुरू. कधी कधी शत्रूचे वैमानिकच आघाडीच्या या बाजूला येऊन एक चिठ्ठी टाकून जात: तुमचा अमुक माणूस आमच्याकडे आहे, किंवा आम्ही त्याला मानाने पुरलं. दुपारी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांनी संध्याकाळी असा निरोप पोचवावा, याचं मला फार नवल वाटतं.

दुसरा निरोप स्वित्झर्लंडमधून यायचा. रेडक्रॉसने ऑगस्ट १९१४ मध्ये जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी एक कचेरी उघडली. दोन्ही बाजूंची सरकारं आपल्याकडच्या कैद्यांच्या आणि मेलेल्यांच्या याद्या तिथे पाठवत. आया, बायका, भाऊ चौकशीची पत्रं पाठवत. यादीतल्या प्रत्येक नावाचं एक कार्ड, पत्रातल्या प्रत्येक नावाचं एक कार्ड, आणि दोन कार्डं एकमेकांना भेटेपर्यंत ती चाळत राहायची. हजाराच्या वर स्वयंसेवक हे काम करत. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ त्यांतलेच एक. युद्ध संपेतो सुमारे सत्तर लाख कार्डं जमली. २०१४ पासून ती संगणकावर कुणालाही पाहता येतात. संगणक नावाची वस्तूच नव्हती त्या काळात माणसांनी हाताने उभारलेलं हे शोधयंत्र आहे.

याच कागदी वाटेवर एक मुंबईकर भेटतो: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाईदलात लढाऊ वैमानिक म्हणून गेलेल्या ज्या चार भारतीयांची नावं नेहमी घेतली जातात, त्यांतले ते एक. बाकीचे तिघं म्हणजे कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय, पंजाबचे हरदितसिंग मलिक आणि बंगालचे एरॉल सेन. आत शिरणंच अवघड होतं. गोऱ्या बापाचा मुलगा असणं ही अधिकारी होण्याची अलिखित, बऱ्याचदा लिखितही, अट होती. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिकांना सगळीकडून नकार आला, तेव्हा त्यांनी फ्रेंचांच्या हवाईदलात जायचं ठरवलं. त्यांच्या प्राध्यापकाने हवाईदलाच्या प्रमुख सेनानीला, हेंडरसनला, लिहिलं की आपला विद्यार्थी दुसऱ्याच्या सैन्यात जातो आहे, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नव्हे. दार तेव्हा किलकिलं झालं. त्या फटीतून आत गेलेल्यांत वेलिणकर होते.

ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे एक आसनी विमान उडवत. फार चमत्कारिक यंत्र. वरचे पंख खालच्या पंखांपेक्षा मागे सरकवलेले, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर आलेलं. त्यामुळे आकाश चहूबाजूंनी मोकळं दिसे. पण उतरताना विमान उलटलं तर पहिला आघात त्याच डोक्यावर. भीती रास्त होती. शिवाय ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलंच जात नसे. जर्मनांनी १९१८ च्या मध्याला ते वापरायला सुरुवात केली. इंग्रज वैमानिकाला मात्र पेटलेल्या विमानासह खाली यावं लागे.

जून १९१८ च्या अखेरीस वेलिणकर गस्तीवरून परतले नाहीत. त्यांचं विमान जर्मनांच्या हद्दीत पडलं, ते जबर जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि ३० जूनला वारले. वय विशीतलं. परक्या इस्पितळात, परक्या कारकुनाच्या कानावर पडलेलं मुंबईचं एक नाव परक्या वहीत लिहिलं गेलं. असल्या वेळी एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की जिनिव्हातली दोन कार्डं एकमेकांना भेटत नाहीत आणि माणूस बेपत्ताच राहतो. मग जुळवाजुळव करावी लागते ती तारखेची, हुद्द्याची, जखमेची, विमानाच्या क्रमांकाची.

आज त्यांची कबर फ्रान्सच्या सॉम भागात, आमिआँ शहराच्या पूर्वेला, हँगार्ड या खेड्याच्या दफनभूमीत आहे. नाव, तुकडी, तारीख, सगळं कोरलेलं. ही सगळी भूमी ऑगस्ट १९१८ च्या लढाईत पुन्हा नांगरल्यासारखी उलटीपालटी झाली. वेलिणकर गेले त्यानंतर सहाच आठवड्यांत आघाडीची रेषा तिथून पुढे सरकली. युद्धानंतर आसपासच्या शेतांतल्या, छोट्या दफनभूमींतल्या कबरी गोळा करून हँगार्डला आणल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ दगडांवर नाव नाही, ‘महायुद्धातला एक सैनिक’ एवढंच आहे. अशा अनामिकांच्या शेजारी एका मराठी माणसाचं नाव उभं आहे, ते कुणीतरी कागदाला कागद जुळवला म्हणून.

हे गोळा करण्याचं काम कसं चाले ते वाचताना अंगावर काटा येतो. १९१९ ते १९२१ या काळात सैन्याच्या खास तुकड्यांनी रणभूमीचे पाचशे-पाचशे यार्डांचे चौकोन पाडले आणि एकेक चौकोन पुन्हा पुन्हा धुंडाळला. शिकलेल्या नजरेला जमीनच खूण सांगायची. एखाद्या ठिकाणी गवत जास्तच गर्द, रुंद पात्यांचं, निळसर हिरवं दिसलं. डबक्यातलं पाणी हिरवट काळं दिसलं. उंदराच्या बिळातून हाडाचा तुकडा किंवा बिल्ल्याचा पत्रा वर आला. बंदूक उभी रोवलेली सापडली. की तिथे खणायचं. मग मिळालेली प्रत्येक वस्तू छापील तक्त्यात लिहायची. नकाशावरची जागा. क्रूस होता का? ओळख कशावरून पटली? अंगावरच्या वस्तू कुठे पाठवल्या? या तऱ्हेने दोन लाखांहून अधिक देह नव्या दफनभूमींत नेण्यात आले. ते तक्ते आजही आहेत आणि शंभर वर्षांनी एखादा अनामिक दगड कुणाचा ते कळतं, ते बहुतेक वेळा या तक्त्यांवरूनच.

मग इतके अनामिक का राहिले? एक कारण अगदी साधं. १९१६ पासून इंग्रज सैनिकाच्या गळ्यात दोन चकत्या असत. लाल चकती नोंदीसाठी काढून घ्यायची आणि हिरवी देहावर ठेवायची. दोन्ही दाबून कडक केलेल्या तंतूंच्या. सॉमच्या ओल्या मातीत त्या कुजून गेल्या.

या सगळ्या कबरी सांभाळण्यासाठी मे १९१७ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, फॅबियन वेअर यांच्या पुढाकाराने एक आयोग नेमला गेला. आज तो राष्ट्रकुल युद्ध कबर आयोग म्हणून ओळखला जातो आणि सुमारे सतरा लाख नावांची नोंद ठेवतो. त्याचा एक नियम मला थोर वाटतो. सेनापती असो वा शिपाई, दगड एकाच उंचीचा. खाली घरच्यांना एखादी ओळ हवी असेल तर ती त्यांच्या भाषेतही. १९१८ च्या जुलैत दोनच आठवड्यांत दहा विमानं पाडून २२ तारखेला कामी आलेले इंद्रलाल रॉय एस्तव्हेलच्या दफनभूमीत आहेत. तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. फ्रेंच खेड्यातल्या त्या दगडावर बंगाली अक्षरं आहेत.

आपल्याकडे असे दगड पाहायचे तर पुण्याला खडकीला जावं. दुसऱ्या महायुद्धातले, पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेले मृत, ज्यांच्या कबरींची कायमची देखभाल होईल अशी खात्री नव्हती, ते खडकीच्या युद्ध दफनभूमीत एकत्र आणले गेले. सोळाशेहून अधिक कबरी आहेत. पहिल्या युद्धात भारतात वारलेल्या अठराशेच्या वर सैनिकांची नावं तिथेच एका स्मारकावर आहेत. ओळींमधून चालताना हवाईदलाचा गरुड कोरलेले दगड मुद्दाम पाहत गेलं पाहिजे. वयं वाचावीत: वीस, एकवीस, तेवीस. १९४० च्या दशकात लोहगाव आणि सांताक्रूझच्या धावपट्ट्या लष्कराच्या विमानांनी गजबजलेल्या होत्या. पावसाळी ढगात शिरलेलं, डोंगराला धडकलेलं, इंजिन बंद पडून कोसळलेलं विमान लढाईच्या इतिहासात येत नाही. शत्रू नव्हता, म्हणून शौर्यपदक नाही आणि बातमीही नाही. सरावात गेलेला मुलगा लढाईत गेलेल्या मुलाइतकाच मेलेला असतो, पण त्याला कुणी लक्षात ठेवत नाही.

दुसऱ्या युद्धानंतर ब्रिटिश हवाईदलाचे सुमारे बेचाळीस हजार जण जगभर बेपत्ता होते. त्यांना शोधायला एक वेगळं पथक नेमलं गेलं आणि त्याने विमानाचा सापळा वाचण्याची एक विद्याच तयार केली. बॉम्बफेकी विमानात सात जण असतील तर प्रत्येकाची जागा ठरलेली: शेपटीच्या टोकाशी मागचा तोफची, नाकाशी बॉम्ब टाकणारा, मध्ये बिनतारी यंत्रावरचा माणूस. म्हणून हाडं सापडली की प्रश्न विचारायचा, सापळ्याच्या कुठल्या भागात? शर्टाच्या कॉलरवर धोब्याने केलेली खूण, बुटाच्या टाचेचा आकार, मशीनगनवरचा क्रमांक. क्रमांकावरून विमान, विमानावरून त्या रात्रीची सात नावं, आणि जागेवरून त्या सातांतलं एक नाव. १९४९ पर्यंत चाललेल्या या कामातून निम्म्याहून अधिक बेपत्तांच्या कबरी ठरवता आल्या. ज्यांच्या ठरल्या नाहीत त्यांची नावं स्मारकांच्या भिंतींवर आहेत. भारत आणि आग्नेय आशियाच्या आकाशात हरवलेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर कोरलेली आहेत.

सापळा वाचून काम भागत नाही तिथे आता रक्ताची साक्ष काढतात. आसामातून हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या हवाई वाटेवर सुमारे सहाशे अमेरिकन विमानं पडली. अरुणाचलच्या जंगलात त्यांचे सापळे अजून मिळतात. २५ जानेवारी १९४४ रोजी आठ जणांसह हरवलेलं एक लिबरेटर विमान २००६ मध्ये एका अमेरिकन गिर्यारोहकाला स्थानिक शिकाऱ्यांच्या मदतीने सापडलं. त्यातल्या रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटाची ओळख पटून २०१७ मध्ये त्याच्या गावी, जॉर्जियात, त्याला पुरण्यात आलं. अशा ओळखीत मायटोकाँड्रियल डीएनए कामी येतो. पेशीतला हा छोटा वारसा फक्त आईकडून मुलांना मिळतो. वैमानिक बिनलग्नाचा गेला, मूलबाळ नाही, आईवडील कधीच वारले. तरी त्याच्या बहिणीच्या मुलाकडे तो धागा जसाच्या तसा असतो, आणि त्या बहिणीच्या मुलीच्या मुलीकडेही. मामाचा चेहरा न पाहिलेला भाचा गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून देतो आणि सत्तर वर्षांपूर्वीचं हाड आपलं आहे हे सिद्ध होतं. ही गोष्ट कितीदा वाचली तरी मला तितकीच अद्भुत वाटते.

मराठवाड्यात कुणाला असा शोध घ्यावासा वाटला तर वाट थोडी वेगळी आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विमान पडल्याची गोष्ट आठवत असेल तर सन विचारू नये. पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर, रझाकारांच्या गडबडीत की त्याच्याही आधी, आईचं लग्न झालं होतं का, पीक कुठलं उभं होतं, असं विचारावं. त्यातून वर्ष आणि महिना निघतो. कागद मात्र जिल्ह्याच्या कचेरीत शोधून भागणार नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. राज्यकारभार उर्दूत, आणि त्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या अभिलेखागारात. ब्रिटिश हवाईदलाच्या प्रत्येक अपघाताचं एक कार्ड असे, फॉर्म ११८०; ती कार्डं हेंडनच्या त्याच संग्रहालयात, निजामाच्या विमानाच्या घरी आहेत. स्क्वाड्रनची रोजनिशी, फॉर्म ५४०, लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. चर्चच्या दफन-नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत. आणि खडकीच्या दगडावरची तारीख तर घरबसल्या आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. तारीख हाती असली की बाकीची दारं उघडतात. शेतात सापळा सापडलाच तर मात्र हात लावू नये. जुना दारूगोळा शंभर वर्षांनीही फुटतो, आणि वस्तू जागेवरून हलली की सापळ्याची अर्धी भाषा पुसली जाते. आधी फोटो काढावा, मग पोलिसांना कळवावं.

काही दारं मात्र अजून बंद आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात शोरकोटवरच्या हल्ल्यात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव तिकडच्या वर्तमानपत्रात आलं होतं. कैदी सुटून आले त्यांत ते नव्हते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून न परतलेल्या ज्या चोपन्न जणांची यादी सरकारने संसदेत दिली, त्यात त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. २००७ मध्ये इतर कुटुंबांसोबत त्या पाकिस्तानच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आल्या. आपल्याकडे असे कैदी नाहीत, असं पाकिस्तान सांगत आला आहे. क्रमांक आहे, तारीख आहे, जागा आहे, वाट पाहणारं माणूस आहे. पुढचा कागद दुसऱ्या देशाच्या कपाटात आहे आणि तो मागत राहणं हे आपल्या सरकारचं काम आहे.

विमानातल्या माणसाचा निदान क्रमांक तरी असतो. २०२१ मध्ये युद्ध कबर आयोगाने स्वतःचीच चौकशी करून मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या आशिया-आफ्रिकेतल्या किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाख मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या गावोगावच्या नोंदवह्यांतून तीन लाख वीस हजार सैनिकांची माहिती बाहेर आली. सत्त्याण्णव वर्षं त्या वह्या कुणी उघडल्या नव्हत्या. सातारा आणि रत्नागिरीकडच्या खेड्यांत चावडीच्या भिंतीवर त्या युद्धाची संगमरवरी पाटी अजून दिसते. गावातून किती माणसं गेली तो आकडा तिच्यावर आहे आणि किती परतली नाहीत तोही. बऱ्याच पाट्यांवर नाव एकाचंही नाही. ती नावं पेन्शनच्या कागदांत, रेजिमेंटच्या पटावर, घरातल्या ट्रंकेत ठेवलेल्या मनीऑर्डरच्या पावतीवर असतात. आयोग आजही पुरावा पाहून नवी नावं नोंदवून घेतो, आणि त्यासाठीचा अर्ज कुणालाही करता येतो.